कोब्याला आधी हातोडीने वाजवून पाहणाऱ्या मिस्त्रींना

नेरूळ, नवी मुंबई

मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

पैसे चुकते झाले, चहा झाला, तुम्ही पुढच्या कामावर गेलात. पण आभार मानायचे राहिले होते. आमच्या रो-हाऊसच्या रांगेत अजून बऱ्याच घरांचा फाटकापासून पोर्चपर्यंतचा कोबा सोलपटून खडी वर आलेली आहे. त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहोत.

पहिला आभार तुमच्या नकाराचा. तुमच्याआधी आलेल्या ठेकेदाराने "वरून एक इंच माल मारून देतो, दोन दिवसांत मोकळे" असं सांगितलं होतं. तुम्ही एक किलोची हातोडी आणि खडूचा तुकडा घेऊन आलात आणि तासभर नुसता कोबा वाजवत बसलात. पक्क्या जागी खणखणीत आवाज, सुटलेल्या जागी फुटक्या मडक्यासारखा बद्द. बद्द वाजेल तिथे खडूचं वर्तुळ. शेवटी पाहिलं तर जवळपास एक तृतीयांश कोब्यावर वर्तुळं होती, आणि त्यातली निम्मी जागा वरून अगदी धडधाकट दिसत होती. त्यावर नवा थर घातला असता तर नवा जुन्याला धरून राहिला असता, जुना मात्र खालच्या पीसीसीला, म्हणजे सळईविना साध्या काँक्रीटला, धरून नव्हताच.

तुम्ही उखडलेली तळहाताएवढी एक खपली आम्ही जपून ठेवली आहे. वरून झिजलेली, खरबरीत. पालथी केली की खालची बाजू ताटासारखी गुळगुळीत, खडीचा एक कणही चिकटलेला नाही. हे बघूनच तुम्ही दुखणं ओळखलंत. खडी फुटून तिच्यासकट खपली आली असती तर काँक्रीटच कच्चं म्हणायचं. नुसती साल निघाली याचा अर्थ दोन थरांची गाठ पडलीच नव्हती. मूळ काम करणाऱ्याने खालचं पीसीसी वाळू दिलं, त्यावरची धूळ आणि सिमेंटची साय तशीच ठेवली आणि वर पातळ थर घोटला. घोटताना वर आलेलं पाणी टिपायला कोरं सिमेंट भुरभुरलं ते वेगळंच. त्याने त्या दिवशी चकाकी येते. पण वरच्या दोन-तीन मिलिमीटरांत सिमेंट जास्त, पाणी जास्त आणि वाळू नाहीच, म्हणून आधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आणि मग भुकटी. अशा नुसत्या जाळीदार चिरांना काही करायची गरज नसते, हेही तुम्हीच सांगितलंत. ज्या चिरेवरून नख फिरवलं की पायरी लागते, म्हणजे एक बाजू वर आणि एक खाली, तिथे खालची जमीन हललेली असते. ती कितीही बुजवली तरी पुन्हा उघडणार.

फाटकाजवळचे दोन कप्पे, म्हणजे जोडांमधले चौकोन, तसेच निघाले. तिथे दुरुस्ती नको, फोडायचंच, असं तुम्ही ठाम म्हणालात, आणि फोडल्यावर खाली घुशींचं बीळ सापडलं. चार इंची काँक्रीट आणि खाली हात जाईल एवढी पोकळी! नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या भरावावर उभा आहे, त्यात चेंबरचा जोड गळत असला की माती वाहून जाते आणि उरलेलं काम घुशी करतात. तुम्ही आधी चेंबरचा जोड बंद केलात, मग बिळात दगडकपची ठासून वर मुरूम घातलात. तोही एकदम नाही, १५० मिलिमीटरचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. वर प्लास्टिकचा कागद आणि १०० मिलिमीटर काँक्रीट, एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. भिंतीला ते थेट भिडू न देता मध्ये १२ मिलिमीटरचा थर्माकोल ठेवलात. तो कशाला, असं दोघांनी विचारलं. काँक्रीट उन्हात फुगतं, त्याला सरकायला जागा नसली की ते भिंतीचं प्लास्टर तरी ढकलतं नाहीतर स्वतः तडकतं.

उरलेल्या कोब्यावर तीन दिवस तुम्ही सिमेंटची गोणी उघडलीसुद्धा नाही. मजुरी मात्र चालू, म्हणून काही घरांत कुरकुर झाली, ती तुमच्याही कानावर आली असेल. त्या तीन दिवसांत झालं ते असं. बद्द जागेच्या बाहेर दोन इंच सोडून कटरने सरळ चौकोनी काप घेतला, १२ मिलिमीटर खोल. आतला माल छिन्नीने काढला. कडा उभी ठेवली, उतरती नाही. दुरुस्तीची कड निमुळती होत शून्यावर आणली की ती जागा पापडाएवढी पातळ राहते आणि गाडीच्या पहिल्या चार फेऱ्यांत उडते. बहुतेक ठिगळं मधून उखडत नाहीत, कडेनेच उखडतात. जिथे जुना कोबा पक्का होता तिथे पाट्याला टाकी लावतात तसे टोचे मारलेत, इंच-इंचावर, खडी दिसेपर्यंत.

स्कूटर उभी करायच्या जागी तुम्ही पाण्याचे चार थेंब टाकलेत. दोन जिरले, दोन मोत्यासारखे वर बसून राहिले. म्हणजे तेल मुरलेलं. साबणाने वरचं तेल जातं, आत मुरलेलं जात नाही, म्हणून तेवढा भाग अर्धा इंच खोल काढूनच टाकलात. बाथरूमचं अॅसिड ओतून साफ करा, हा सल्ला आमच्यातल्याच एकाचा होता. अॅसिड तेलावर चालत नाही, आणि नीट धुतलं गेलं नाही तर त्यातला क्लोराइड काँक्रीटमध्येच राहतो. सल्ला देणाऱ्याने ते तेव्हाच मान्य केलं, इथे पुन्हा लिहिल्याबद्दल तो रागावणार नाही.

मालाचं प्रमाण आम्ही तुम्हाला विचारून लिहून घेतलं होतं, ते इथे देतो. ५० किलोची एक गोणी म्हणजे ३५ लिटर. तेवढ्याच मापाचं लाकडी खोकं करून तीन खोकी क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), घमेल्याचा अंदाज नाही. एसबीआर लॅटेक्स, म्हणजे माल जुन्या थराला धरावा म्हणून घालायचं दुधासारखं रबरी द्रावण, सिमेंटच्या वजनाच्या पंधरा टक्के, म्हणजे गोणीला साडेसात किलो. पाणी बारा लिटरपासून सुरू करून बेताबेताने वाढवायचं, सोळाच्या वर जायचं नाही, कारण लॅटेक्समध्येही निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. एका गोणीत २० मिलिमीटर जाडीचा साधारण ५५ चौरस फूट कोबा होतो. म्हणजे शंभर चौरस फुटांना जेमतेम दोन गोण्या आणि साडेसहा-सात घनफूट वाळू. कालवताना मात्र एका वेळी अर्ध्याच गोणीचा माल, कारण लॅटेक्स पडल्यावर अर्ध्या तासात तो संपवावा लागतो. घट्ट झाला म्हणून वरून पाणी शिंपडून पुन्हा मऊ करायचा नाही. तुमच्या बिगाऱ्याने एकदा तसं केलं आणि तुम्ही ते अख्खं घमेलं बाजूला ओतायला लावलंत, हे आम्ही गच्चीवरून पाहिलं.

वाळूबद्दल एक गोष्ट इतरांसाठी. ओलसर वाळू फुगते, मापात वीस-पंचवीस टक्क्यांनी जास्त भरते, म्हणून ताडपत्रीखाली ठेवलेली कोरडी वाळू आणि सरीत भिजलेली वाळू यांचं खोकं सारखं नाही. खाडीची रेती स्वस्तात मिळत होती. तुम्ही मूठभर हातावर घेऊन त्यातले शिंपल्यांचे तुकडे दाखवलेत आणि ट्रक परत पाठवलात. बोअरचं पाणीही घेतलं नाहीत, इकडे ते मचूळ लागतं. पिण्याचंच पाणी वापरलंत.

आता आमच्या मते सगळ्यात नाजूक भाग. आदल्या रात्री कोबा भिजवून ठेवलात, सकाळी साचलेलं पाणी फडक्याने टिपलंत. पृष्ठभाग आतून ओला, वर पाण्याची चमक नाही. कोरडा असता तर नव्या मालातलं पाणी शोषून घेतलं असतं, पाणी साचलेलं असतं तर माल त्यावर तरंगला असता. मग लॅटेक्स, पाणी आणि सिमेंट यांचा खिरीसारखा रस ताठ ब्रशने टोच्यांमध्ये घासून घासून भरलात आणि तो बोटाला चिकचिकीत लागतोय तोवरच त्यावर माल टाकलात. एका वेळी पंधरा मिनिटांत झाकून होईल एवढ्याच जागेवर रस. दुसऱ्या दिवशी ऊन लवकर आलं आणि दोन फुटांचा पट्टा वाळला. त्यावर पाणी मारून पुढे जाता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण वाळलेला रस जोडत नाही, उलट दोन थरांमध्ये पडद्यासारखा बसतो. तुम्ही तो तारेच्या ब्रशने खरवडून काढलात आणि पुन्हा लावलात.

उताराला तुम्ही लेव्हलची नळी लावलीत. ५० ला १ या हिशेबाने पोर्च ते फाटक साडेचार मीटरला ९० मिलिमीटर. आधीचा ठेकेदार म्हणत होता तो एक इंच सगळीकडे चढवला असता तर फाटक घासलं असतं आणि पाणी पोर्चकडे वळलं असतं, हे नळी लावल्यावर आमच्या लक्षात आलं.

शेवटचा हात पत्र्याच्या थापीने चकचकीत करावा, असा आग्रह होता. तुम्ही लाकडी रंध्यावर थांबलात, माल अंगठ्याने दाबून पाहिला आणि पुसटसा ठसा उमटायला लागल्यावर ओला करून झटकलेला खराटा चाकाच्या आडव्या दिशेने एकदाच ओढलात. जूनमध्ये इथे आठवड्याभरात शेवाळ धरतं. गुळगुळीत कोब्यावर म्हातारी माणसं घसरतात. जुने जोड जिथे होते तिथेच दुसऱ्या सकाळी नव्या थरात कटर चालवलात, पूर्ण जाडीभर. तसं केलं नसतं तर खालच्या जोडाने वर आपली वेडीवाकडी रेघ स्वतःच काढली असती.

पाणी मारण्यावरून मात्र गल्लीत खरंच वाद झाला. नव्या कप्प्यांवर आळी करून दहा दिवस पाणी ठेवलंत, कारण सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, होतं. ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट, असतं तर सात दिवस चाललं असतं. पण लॅटेक्सच्या थरावर एकच दिवस ओलं गोणपाट आणि मग उघडं. "कामचुकारपणा" असा शब्दही कुणीतरी वापरला. लॅटेक्सला वाळून आपली पातळ चामडी धरावी लागते, सतत पाण्यात ठेवलं तर ती धरत नाही, म्हणून एकाच अंगणात दोन रीती. तो शब्द वापरणाऱ्याच्या वतीने आम्ही दिलगीर आहोत.

थर्माकोलची वरची २० मिलिमीटर पट्टी काढून तिथे १५ मिलिमीटरचा फोमचा दोर दाबून वर पीयू सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणणारं भरण, भरलंत, खोली रुंदीच्या निम्मी, सहा मिलिमीटर. ६०० मिलीच्या एका नळीत आठ मीटर झालं. दोर नसता तर सीलंट तळालाही चिकटलं असतं आणि ताणताना फाटलं असतं. जोड पूर्ण कोरडे असताना, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही हे उरकलंत.

एक तक्रार आहेच. अंगण गोधडीसारखं दिसतं, जुना काळपट, नवा फिकट, आणि लॅटेक्सचा तिसराच रंग. वरून रंग मारू नका, चाकाखाली तो सोलून निघेल आणि मग अधिकच भिकार दिसेल, असं तुम्ही म्हणालात. पटलं, पण दिसतं ते दिसतंच.

पहिल्या मोठ्या सरीनंतर सगळं पाणी फाटकाबाहेर गेलं. फक्त चेंबरच्या झाकणाच्या डाव्या कडेला पंजाएवढी जागा ओली राहते, खोली दोन-तीन मिलिमीटर असेल. पाऊस उघडला की एकदा येऊन बघून जा. तुमचा खराटा आणि ते वाळूचं खोकं आमच्या पोर्चमध्ये आहे. खोकं तीन घरांनी पुढच्या कामासाठी मागून ठेवलं आहे, तेव्हा ते न्यायच्या आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

आपले,
रांगेतले रो-हाऊसवाले