बिनविरोध

कळवा, ठाणे
शुक्रवार, रात्री

प्रिय मित्रा,

कळव्याहून ऐरोलीला पत्र, म्हणून हसशील. फोनच करणार होतो, पण तू मध्येच बोलला असतास आणि मी नेहमीसारखा विषय बदलला असता.

परवा पेढे घेऊन आलास. "आपलं गाव बिनविरोध झालं, भांडण नाही, तंटा नाही," म्हणालास. मी पेढा खाल्लाही. पण ती ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध कशी झाली हे मला माहीत होतं. त्यातलं थोडं माझ्याच गाडीतून झालं.

आपल्याला करवंदं आणून द्यायची ती कातकरी म्हातारी आठवते? तिच्या सुनेने आदिवासी महिलेच्या राखीव जागेवर फॉर्म भरला होता. स्वतःहून. जातीच्या दाखल्यासाठी वीटभट्टीवरची मजुरी बुडवून तिने किती खेपा घातल्या, मोजल्या नाहीत म्हणाली. पॅनेलने त्याच जागेवर आपल्या गड्याच्या बायकोला उभं केलेलं. सही कुठे करायची, एवढंच तिला सांगितलं होतं.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी तुझे काका मला म्हणाले, "तू तालुक्याला चाललाच आहेस, तर हिला सोड." मला वाटलं, भले आहेत बिचारे. (मला असं वाटायला फार काही लागत नाही, तुला ठाऊक आहे.) गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, घर त्यांच्या जागेत हाय. पाऊस लागला की पोरं घेऊन जायचं कुठं?"

तुझ्या-माझ्यासारख्याला धमकी म्हणजे काठी, नाहीतर मध्यरात्री दारावर थाप वाटते. इथे कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता. तिच्या नवऱ्याने गणपतीत उचल घेतलेली, ती "आत्ताच्या आत्ता फेड" एवढाच निरोप आला. भट्टी पॅनेलवाल्यांच्याच पाहुण्यांची. वाडीतल्या घरांखालची जमीन वाडीच्या नावावर नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी कातकरी वाड्यांची हीच गत. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये संपली, तरी उचलीची दोरी अजून गळ्यात आहे. हात कुणी लावलेला नाही, मग तक्रार कशाची करायची?

आत साहेबांनी विचारलं, "स्वखुशीने?" ती "हो" म्हणाली. मी दाराशी उभा होतो.

जानेवारी २०२१ मध्ये नाशिकच्या उमराण्याची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून. आपल्याकडे लिलाव झाला नाही, पैशाची देवघेव नाही, त्यामुळे दाखवायला काहीच नाही. पण ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाल्यापासून आदिवासीला धमकावून उमेदवारी अर्ज मागे घ्यायला लावणं हा स्पष्ट लिहिलेला गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षं. हे मी परत आल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर गाडी वळवली असती का? खरं सांगू, माहीत नाही. काकांसमोर माझी मान आपोआप खाली जाते. दहावीची फी त्यांनीच भरली होती.

तू म्हणशील, काका तसे नाहीत. मलाही तेच म्हणायचंय. ते तिला शिवी देणार नाहीत, सणाला लुगडंही देतील. फक्त तिने त्यांच्या पोरासमोर खुर्चीवर बसू नये, एवढंच त्यांना हवं असतं.

ती आता भिवंडीकडच्या भट्टीवर आहे, धाकटं पोर तिथेच विटा उलटवतं. रविवारी मी जाणार आहे. तक्रार करायची की नाही ते तिनं ठरवायचं. घर आणि उचल तिची आहे, मी शूर होऊन काय उपयोग? पण ती हो म्हणाली, तर साक्षीदार म्हणून माझं नाव देईन. गाडीत काय बोलणं झालं ते मी ऐकलंय.

सकाळी सात वाजता कल्याणच्या एसटी डेपोत थांबतो. आलास तर बरं होईल. काकांना आधी सांगायचं असेल तर सांग, फक्त रविवारनंतर सांग.

तुझाच,
पेढा खाल्लेला