खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर मध्यंतरी खुडूक, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसलेल्या कोंबडीला पुन्हा अंड्यावर आणायचे घरगुती उपाय छापून आले होते. गार पाण्यात बुचकळून काढा, नाकपुडीतून पिसाचं काड ओवा, डालग्याखाली उपाशी कोंडा. वाचून जीव कळवळला, म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे दिंडोरी तालुक्यातही हे सगळं पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. जनावराचे हाल तर होतातच, शिवाय अंधारात कोंडलेली कोंबडी उलट आणखी घट्ट बसते. तिला बसायला ऊब आणि अंधारच हवा असतो.

खुडूक बसणं हा आजार नाही. कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं आणि तिला उबवायची ओढ लागते. पिसं फुलवून बसते, हात नेला की गुरगुरते, टोचते. तिच्या पोटाखाली हात घालून बघा, तिथली पिसं विरळ झालेली असतात आणि उघडी कातडी चांगलीच कढत लागते. अंड्याला थेट ऊब मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे.

ज्यांना पिल्लं नकोच आहेत, त्यांनी अंडी रोजच्या रोज उचलावीत. तरीही बसलीच तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, उजेडाच्या आणि वाऱ्याच्या जागी, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावं. खालून गार हवा लागली की बहुतेक कोंबड्या उठतात. एखादी हट्टी असते, तिला आणखी दोन दिवस लागतात.

पण माझं खरं म्हणणं असं आहे की खेड्यातल्या घराने खुडूक मोडायची घाई करूच नये. गावरान कोंबडी एका पाळीला बारा-पंधरा अंडी घालून बसते, म्हणून ती तोट्याची, असं सांगितलं जातं. नुसती अंडी विकणाऱ्यांसाठी ते खरंही आहे. पण वनराज, गिरिराज या सुधारित जाती अंडी भरपूर देतात आणि सहसा खुडूक बसत नाहीत. ते पक्षी संपले की पिल्लं पुन्हा विकत आणावी लागतात. यंत्रात उबवायचं तर साडेसदतीस अंशांच्या आसपासचं तापमान रात्रंदिवस टिकवावं लागतं. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. ते काम खुडूक कोंबडी फुकट करते, आणि वनराजाची अंडी खाली ठेवली तरी आपलीच समजून उबवते.

बसवताना मात्र नीट बसवावं. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली घ्यावीत. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुनी नकोत, कारण कडक उन्हात अंडं कोंबडीखाली जायच्या आधीच आत अर्धवट वाढ सुरू होते आणि जीव मरतो. पाटीत खाली माती-राखेचा थर, वर भाताचा पेंढा. दहा-बारा अंडी पुरेत, जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सगळी एकाच दिवशी, अंधार पडल्यावर ठेवावीत. आमच्या सासूबाई पाटीत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवायच्या, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. मी खिळा ठेवत नाही. अंडी नासतात ती ओलीने आणि शिळेपणाने. राखेचा थर मात्र सोडलेला नाही, त्याने लिखा कमी होतात. लिखा झालेली कोंबडी अंडी टाकून उठते.

सातव्या रात्री मोबाइलची बॅटरी लावून अंडी बघावीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की अंडं जिवंत. आरपार मोकळं दिसलं तर काढून घ्यावं. कोंबडी रोज एकदाच उठते, खाऊन-पिऊन, विष्ठा करून परत येते. त्या वेळी दाणा आणि पाणी जवळच असावं. अठराव्या दिवसानंतर पाटीला हात लावू नये. विसाव्या दिवशी पाटीशेजारी बसलं तर कवचाच्या आतून बारीक चिवचिव येते आणि कोंबडी खालच्या आवाजात तिला उत्तर देते. एकविसाव्या दिवशी कवच फुटायला लागतं. पिल्लाला बाहेर यायला कधी कधी अख्खा दिवस लागतो. सोलून मदत केली तर रक्त येतं आणि पिल्लू दगावतं. बाहेर आल्यावर पहिला दिवसभर ते खात नाही म्हणूनही घाबरू नये, अंड्यातला बलक त्याच्या पोटात शिल्लक असतो. मग कण्या, भरडलेली नागली (नाचणी) आणि पसरट ताटलीत खडे टाकून पाणी द्यावं. खडे नसले तर पिल्लं पाण्यात बुडतात.

बसवायची वेळ मी पौष-माघ धरते. तेव्हा निघालेले कोंबडे आखाडापर्यंत विकायजोगे होतात आणि वर्षातला चांगला भाव तेव्हाच मिळतो. निफाड-दिंडोरीकडची थंडी बोचरी असते, पण आई असली की पिल्लं पंखाखाली राहतात, बल्ब लागत नाही. द्राक्षबागेत फवारणी असली की मात्र त्यांना डालग्याखालीच ठेवावं लागतं.

एवढं करूनही पिल्लं जातात ती मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने. घार, मुंगूस एखादं नेतात, मानमोडी अख्खं खुराडं रिकामं करते. त्यावर पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायची लासोटा लस आहे आणि पुढे दोन महिन्यांच्या सुमारास पंखाखाली टोचायची दुसरी लस. अडचण अशी की लासोटाची कुपी शंभर आणि त्याहून जास्त पिल्लांची येते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कोण फोडणार? म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यांनी महिन्यातला एक ठरावीक दिवस, शक्यतो आठवडी बाजाराचा, घरगुती पिल्लांच्या लसीसाठी ठेवावा, ही विनंती आहे. दहाएक घरची पिल्लं एकत्र आली की कुपी वाया जात नाही. आपण त्या तारखा आठवडाभर आधी छापल्यात, तर पेठ-सुरगाण्याकडच्या बायाही पिल्लं पाटीत घालून घेऊन येतील.

आपली,
एक वाचक, ता. दिंडोरी, जि. नाशिक