विषय: पोर्शे ९११ ची खरेदीपूर्व तपासणी, तुमचा अहवाल आणि त्यानंतरचे चार फोन

प्रति,
व्यवस्थापक, तपासणी विभाग
(नाव विचारलं होतं. "पॉलिसीनुसार सांगता येत नाही" असं उत्तर मिळालं, म्हणून नुसतं पद.)

आज सकाळी तुमच्या वरिष्ठ ग्राहक अधिकाऱ्याने "आपलं समाधान झालं असेल अशी आशा करतो" म्हणत फोन ठेवला. समाधान झालेलं नाही.

बुकिंग क्रमांक तुमच्याकडे आहे. चारही फोनवर मी तो एकेक आकडा सुटा करून सांगितला, आणि चारही वेळा गाडी कोणती ते मलाच विचारलं गेलं. तेव्हा पाचव्यांदा सांगतो: २००७ ची ९११ करेरा एस, ३.८ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन मागे. हे 'इंजिन मागे' जरा लक्षात असू द्या, लवकरच लागणार आहे.

या पिढीच्या इंजिनात काय बघायचं असतं ते तुम्हाला शिकवायची गरज नसावी. तुमच्या जाहिरातीतच "स्पोर्ट्स कारसाठी खास तज्ज्ञ" असं लिहिलेलं आहे. तरी बुकिंग करताना सूचनांच्या रकान्यात मी पाच गोष्टी लिहून दिल्या होत्या. इंजिन थंड असताना सुरू करा. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. स्पार्क प्लग काढून बोअरस्कोपने, म्हणजे बारीक कॅमेऱ्याने, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का ते बघा, विशेषतः सहाव्या सिलिंडरच्या. ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातून, ओव्हर-रेव्हची (इंजिन मर्यादेबाहेर फिरवल्याची) नोंद काढा. रंगाची जाडी मीटरने मोजा. आयएमएस बेअरिंग (इंजिनाच्या आतल्या मधल्या शाफ्टचं) तपासा असं मी लिहिलंसुद्धा नव्हतं, कारण २००७ च्या इंजिनात ते बघायला अख्खं इंजिन फोडावं लागतं हे मला माहीत आहे. अशक्य ते मागितलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसात होणारं काम मागितलं होतं, आणि त्याचे पैसे आगाऊ भरले होते.

अहवालात या पाचही गोष्टींसाठी मिळून एकच ओळ आहे: "ग्राहकाच्या विशेष सूचना: तपासले, ठीक."

सूचना ठीक आहेत असं म्हणायचं होतं का? तर आभारी आहे.

आता इंजिन. पान चारवर तुमच्या निरीक्षकाने लिहिलं आहे: "बॉनेटखालील इंजिन कक्ष: स्वच्छ, कोरडा, गळती नाही." ९११ चं बॉनेट उघडलं की डिकी असते, साहेब. तिथे बॅग ठेवतात. ती डिकी स्वच्छ आहे, कोरडी आहे आणि तिच्यातून तेल गळत नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. १९६३ साली ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हापासून तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. एवढ्या वर्षांत ही बातमी तुमच्या खास तज्ज्ञांपर्यंत पोचायला हवी होती.

अहवालावर विश्वास ठेवून मी गाडी घेतली. चूक झाली. पण तिसऱ्या आठवड्यात तेल कमी व्हायला लागलं, आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायला लागली, तेव्हा मी तुमचा अहवाल परत उघडला आणि या वेळी मजकूर सोडून फक्त फोटो पाहिले. एक्केचाळीस फोटो आहेत. तुमच्या निरीक्षकाच्या मोबाइलने तपासणी अगदी चोख केली आहे. निरीक्षकाने तेवढी केलेली नाही.

पहिला फोटो डॅशबोर्डचा. कूलंटच्या तापमानाचा काटा मध्यावर, म्हणजे निरीक्षक पोचायच्या आधीच विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवलेली. थंड इंजिन सुरू होताना जो धूर निघतो, जी खडखड होते, ती गरम झाल्यावर बरीचशी लपते. जुन्या गाडीच्या बाजारातली ही सगळ्यात जुनी युक्ती आहे. अशा वेळी तज्ज्ञ माणूस "उद्या येतो, गाडीला हात लावू नका" म्हणतो आणि परत फिरतो. तुमच्या माणसाने फोटो काढला आणि पुढे गेला.

टायरचा फोटो. खाली लिहिलंय "नवीनसारखे." त्याच फोटोत टायरच्या कडेवर चार आकडे स्वच्छ वाचता येतात: २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे, कबूल, कारण गाडी उभीच होती. पण रबर उभ्या-उभ्याही कडक होतं, आणि ताशी दोनशे ऐंशीच्या वर जाऊ शकणाऱ्या गाडीखाली मला तसं रबर नको होतं.

एक्झॉस्टचा फोटो. शेरा "उत्तम." डाव्या बाजूच्या नळ्या काजळीने काळ्या कुळकुळीत, उजव्या बाजूच्या त्या मानाने लख्ख. या इंजिनाबद्दल ज्यांनी थोडंफार वाचलं आहे त्यांना हा फोटो पाहूनच सहाव्या सिलिंडरची आठवण होते.

पण पहिल्या आणि शेवटच्या फोटोइतकं दुसरं काहीच बोलकं नाही. पहिला १० वाजून ७ मिनिटांचा, शेवटचा १० वाजून २९ मिनिटांचा. दोन्हींत ओडोमीटर दिसतो. दोन्हींत आकडा तोच आहे, शेवटच्या अंकापर्यंत तोच. आणि अहवालात "चाचणी फेरी: १२ किलोमीटर. क्लच, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग समाधानकारक." बारा किलोमीटर गाडी चालवूनही ओडोमीटर हलला नसेल, तर 'ओडोमीटर: चालू स्थितीत' या ओळीपुढची बरोबरची खूण तरी काढून टाका.

मग मी ही गाडी अशाच इंजिनांचं काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे नेली, म्हणजे आधी जे व्हायला हवं होतं ते नंतर केलं. त्याने लिफ्टवर घेतली, सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, काढून खालून कॅमेरा घातला. सहाव्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, पाचव्यावर सुरुवात. त्या भिंतींवरचा कठीण थर एकदा ओरखडला गेला की तेल वर चढतं आणि जळतं; ॲडिटिव्ह घालून ते बरं होत नाही, इंजिन खोलून सिलिंडरना आतून नव्या भिंती, म्हणजे स्लीव्ह, बसवाव्या लागतात. खर्चाचा अंदाज गाडीच्या किमतीच्या निम्म्याला जाऊन भिडतो. मागच्या उजव्या फेंडरवर रंगाची जाडी ६०० मायक्रॉनच्या पुढे. बाकी गाडीभर ती शंभर ते दीडशेच्या आत आहे, म्हणजे तो फेंडर नंतर पुन्हा रंगवलेला. तुमचा शेरा: "रंग मूळ."

आणि ओव्हर-रेव्ह. हे इंजिन आपल्या अतिरेकाची नोंद फिरण्याच्या वेगाच्या सहा चढत्या पट्ट्यांत ठेवतं. कुठल्या पट्ट्यात किती ठिणग्या पडल्या आणि शेवटची कितव्या तासाला, असं सगळं. खालच्या पट्ट्यांचं कोणी फार मनावर घेत नाही, कारण नुसतं ॲक्सिलरेटर दाबत राहिलं तर लिमिटर (वेगाला आवर घालणारी यंत्रणा) पेट्रोल तोडतो. पण चौथ्यात टाकायचा गिअर चुकून दुसऱ्यात पडला, की चाकंच इंजिनाला फिरवायला लागतात आणि लिमिटर नुसता बघत बसतो. माझ्या गाडीत पाचव्या पट्ट्यात नोंदी आहेत. सहा सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात तीन ठिणग्या टाकतं, म्हणजे नोंदी झपाट्याने वाढतात, तेव्हा ती चूक जेमतेम सेकंदभराची असेल. पण मला ती गाडी घेण्याआधी कळायला हवी होती. साधा स्कॅनर लावून हे दिसत नाही, पोर्शेचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो. तुमच्या माणसाने साधा तरी लावला होता का? फोटोत दिसत नाही.

हा गाडीचा दोष आहे असं माझं म्हणणं नाही. इतक्या जुन्या गाडीत हे निघू शकतं, म्हणूनच तर तपासणी करून घ्यायची असते. विकणाऱ्याने लपवलं त्याचंही नवल नाही. तुम्हाला पैसे दिले होते ते त्यानं लपवलेलं शोधायला.

आता आजच्या फोनकडे येतो. पहिल्या तीन फोनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही: "नोंद घेतली आहे", "संबंधित विभागाला कळवलं आहे", आणि एकदा गाडी कोणती ते विचारून झाल्यावर नुसतंच संगीत, मग लाइन तुटली. चौथ्या वेळी वरिष्ठ अधिकारी मिळाले. मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. समोर अहवाल होता, बाजूला मेकॅनिकचे फोटो. मी टिकटिकीपासून सुरुवात केली.

ते म्हणाले, "सर, स्पोर्ट्स कार म्हटलं की थोडा आवाज असणारच. त्यासाठीच तर लोक घेतात."

मी गिळलं. बॉनेटचं विचारलं. म्हणाले, "फॉर्मॅट सगळ्या गाड्यांना एकच असतो." म्हणजे बघितलं काहीही, लिहायचं तेच? "नाही सर, तसं नाही." मग कसं? यावर थोडी शांतता. मग, "सर, आमची तपासणी दृश्य स्वरूपाची असते. जे डोळ्यांना दिसतं ते." मी म्हटलं, ठीक आहे, डोळ्यांनाच धरू. ओडोमीटरचा आकडा डोळ्यांना दिसतो. टायरवरचं साल दिसतं. काजळी दिसते. इंजिन पुढे नाही, हेसुद्धा डोळ्यांनाच दिसतं.

पुन्हा शांतता. कीबोर्ड वाजल्यासारखं ऐकू आलं. मग अत्यंत मऊ आवाजात, लहान मुलाची समजूत काढतात तशा आवाजात, त्यांनी विचारलं:

"सर, तुम्हाला गाड्यांची एवढी माहिती आहे, तर तुम्ही स्वतःच का नाही तपासलीत?"

हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. सकाळपासून तीनदा वाचलं. ज्याला माहिती नाही तो फसला तर "तुम्हाला कळत नाही", आणि ज्याला आहे तो फसला तर "मग तुम्हीच का नाही केलं." मग तुमचा ग्राहक नेमका कोण? मी स्वतः तपासली नाही, कारण माझ्याकडे लिफ्ट नाही, बोअरस्कोप नाही, पोर्शेचा स्कॅनर नाही, आणि गाडी मनात भरलेल्या माणसाने स्वतः तपासू नये एवढी अक्कल मला आहे. गाडीच्या प्रेमात नसलेला एक माणूस हवा होता, जो "घेऊ नका" म्हणू शकेल. मी पैसे त्या नकाराच्या शक्यतेचे मोजले होते. तुम्ही दोनशे बरोबरच्या खुणा पाठवल्यात.

(पुढच्या डिकीला तुम्ही इंजिन म्हटलं होतं हे सांगून झालं आहे ना? तरी परत सांगतो.)

आणखी एक. गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा विकणाऱ्याच्या भिंतीवर तुमची पाटी दिसली: "इथल्या गाड्या यांच्याकडून निर्धास्त तपासून घ्या." तेव्हा बरं वाटलं होतं. आता विचारतो: तुम्ही 'स्वतंत्र' आहात ते नक्की कोणापासून? त्याच्यापासून, की माझ्यापासून?

मला काय हवं ते लिहितो, म्हणजे "ग्राहकाची मागणी स्पष्ट नाही" असा शेरा येणार नाही. तपासणीचे पूर्ण पैसे परत. दोनशे मुद्द्यांपैकी प्रत्यक्ष कोणते तपासले, याची सहीनिशी यादी. तुमचा आणि विकणाऱ्याचा काय व्यवहार आहे, याचं लेखी उत्तर. आणि मेकॅनिकचा अहवाल मिळाल्याची पोच. पंधरा दिवसांत यातलं काही आलं नाही, तर हेच पत्र एक्केचाळीस फोटोंसह ग्राहक न्यायालयात जाईल. ओडोमीटरचे दोन फोटो मी शेजारी शेजारी छापून ठेवले आहेत. फोन करू नका. फोनवर बोलून माझं झालं आहे.

कालच तुमच्याकडून संदेश आला: "आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?" त्याचं उत्तरही पंधरा दिवसांनी.

— तुमच्याच नोंदीनुसार 'समाधानी ग्राहक'

ता. क. अहवालातलं ते बॉनेटखालचं स्वच्छ, कोरडं, गळती नसलेलं इंजिन मला अजून सापडलेलं नाही. निरीक्षकाने ते कुठे पाहिलं तेवढं कळवा. मागचं तर आता खोलायलाच लागणार आहे.