निवतीची ‘गुलदार’ 71 च्या युद्धातली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात नौदलाच्या ‘गुलदार’ नौकेला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण ‘1971 साली कॉक्स बाजारला सैन्य उतरवणारी नौका आता निवतीच्या तळाशी’ हे चौकटीतले वाक्य साफ चुकीचे आहे. सिंधुदुर्गातल्या निवतीला समुद्राखाली जिचे संग्रहालय व्हायचे आहे ती गुलदार 30 डिसेंबर 1985 रोजी पोलंडमध्ये नौदलात दाखल झाली आणि 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. ती 71 च्या युद्धात कशी असेल?

आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला गेली ती पहिली गुलदार, 1966 ची. दोन्ही पोलिश बांधणीच्या, दोन्ही रणगाडे-सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या. पण पहिली साधारण 73 मीटर लांबीची, तर दुसरी जवळपास 84 मीटरची आणि तिच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरायची जागा. तुमच्याच फोटोत ती जागा दिसते आहे आणि एल 21 हा क्रमांकही.

नौदलात नाव पुढे चालवतात. विमानवाहू विक्रांत (आर 11) आणि पाणबुडी खांदेरी (एस 22) यांचे तर क्रमांकही पुढे चालत आले. पण 1968 ची खांदेरी रशियन, 2019 ची माझगावात बांधलेली. नाव वारशाने मिळते, कामगिरी मिळत नाही.

आणि कॉक्स बाजारची कामगिरी सोपी नव्हती. ‘विश्वविजय’ या व्यापारी जहाजातून गुरखा सैनिक घडियाल आणि गुलदार या नौकांवर घेतले गेले. अशी नौका किनाऱ्याला लावताना नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग हलका ठेवतात. पाण्यात पुढे जेमतेम सव्वा मीटर, मागे अडीच मीटरच्या आसपास. वाळूला लागायच्या आधीच मागचा नांगर टाकतात, म्हणजे लाटेने नौका आडवी होत नाही आणि परतताना त्याच दोरावर स्वतःला ओढून घेता येते. हे सगळे बरोबर केले तरी किनाऱ्यापुढे वाळूचा दांडा असला की घात होतो. नाळ दांड्यावर टेकते, किनारा लागलाच असे वाटते, पण दांडा आणि किनारा यांच्यामध्ये पुरुषभर पाण्याचा चर असतो. तिथे नेमके हेच झाले. पाठीवर सामान आणि हातात बंदूक घेऊन उतरलेले जवान बुडाले. दांड्यामागचा चर म्हणजे काय, हे देवबाग-आचऱ्याच्या किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या कुठल्याही रापणकराला सांगावे लागणार नाही. त्या जवानांची हकिकत दुसऱ्याच नौकेला चिकटवणे मला गैर वाटते. उद्या संग्रहालयाच्या फलकासाठी कुणी तुमचे कात्रण वापरले, तर ही चूक दगडावर कोरली जाईल. दुरुस्ती पहिल्या पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नको.

जाता जाता आणखी एक. भरती-ओहोटीच्या वेळा तुम्ही गेल्या महिन्यापासून बंद केल्यात. राशिभविष्याला जागा आहे, मग त्या दोन ओळींना का नाही? आणि छापाल तेव्हा कृपा करून मुंबईच्या वेळा वेंगुर्ल्याच्या म्हणून देऊ नका. दोन्हीकडची भरती एका वेळी येत नाही. खाडीच्या तोंडावरून होडी बाहेर काढणाऱ्याला तेवढा फरकही पुरतो.

कळावे,
एक वाचक, वेंगुर्ले