पाण्याची सुई

पुणे,
रविवार रात्र

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, हे पत्र तूच मोठ्याने वाच. बाबांचा चष्मा नेहमीप्रमाणे उशीखाली असेल, आणि फोनवर सांगायला गेलं तर त्यांना निम्मं ऐकू येत नाही न् ऐकू आलेल्या निम्म्यावर ते चिडतात. शुक्रवारी तेच झालं. बाबांच्या खुब्यातल्या कॅन्सरच्या ठणक्यावर "किरणं एकदाच द्यायची आहेत," एवढंच मी म्हणाले. "म्हणजे सोडून दिलं म्हणायचं," असं म्हणून त्यांनी फोन तुझ्या हातात दिला.

बाबा, मग रात्री दहाला दादाच्या फोनवरून तुम्हीच फोन केलात. "खरं सांग. मला पाण्याची सुई देताय का?" मी हसले. हसायला नको होतं. तेव्हापासून ते डोक्यात आहे, म्हणून आता निवांत बसून लिहिते आहे.

पाण्याची सुई म्हणजे काय, हे आपल्या घरात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? एकतीस वर्षं तुम्ही डॉक्टरकाकांकडे कंपाउंडर होता. शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर येऊन बसायचे. बाटलीवर चिकटवायची कागदाची पट्टी तुम्ही घडी घालून कातरायचात आणि उलगडली की दोन्ही कडांना सारख्या खाचा. एक खाच, एक डोस. आत तांबडं मिक्श्चर. स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा खडखडत असायच्या. सुई घेतल्याशिवाय हलायचंच नाही असं ठरवून वाडीवरनं चालत आलेल्या म्हाताऱ्यांना तुम्ही डिस्टिल्ड वॉटर टोचायचात. पाणी औषधापेक्षा जास्त झोंबतं, हे मला तुम्हीच सांगितलंत. झोंबलं की म्हातारी खूश. "आज जोराची दिली बघा सुई." पुढच्या बाजाराला शेंगा नाहीतर चार अंडी घेऊन हजर. गुण आलेला असायचा. तो काही खोटा नव्हता.

आणि तो कंबर धरून यायचा तो माणूसही मला आठवतो. तीन महिने त्याला अशाच सुया चालल्या होत्या. पुढे मिरजेला फोटो काढला तेव्हा मणक्याचा टीबी निघाला. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. आईने दोनदा ताट वाढून परत झाकलं. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, पण परवा फोनवर जो आवाज होता तो त्या रात्रीचा होता, असं मला वाटलं.

म्हणून तुमची शंका मी उडवून लावत नाही. तुम्ही दुसऱ्याला पाणी टोचलंय, तेव्हा आपल्याला कुणी टोचत नाही ना, हे विचारायचा हक्क तुम्हाला सगळ्यात आधी. दादा म्हणत होता, बाबांना 'वाताचं आहे' असंच सांगू. मी नको म्हटलं, आणि आई, तूही नको म्हटलंस, ते फार बरं केलंस. प्रोस्टेटचं दुखणं खुब्याच्या हाडात उतरलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. या एका खेपेने रोग जाणार नाही, हेही ठाऊक असू दे. ही खेप फक्त ठणक्यासाठी.

आता किरणांचं. आमच्या किरणांच्या विभागात येणारी माणसं त्याला 'लाईट' म्हणतात, 'शेक' म्हणतात, कुणी 'करंट'. शेक मात्र नव्हे. तुम्हाला द्यायचे आहेत आठ ग्रे, म्हणजे किलोमागे आठ ज्यूल ऊर्जा. तेवढ्याने किलोभर पाणी अंशाच्या पाचशेव्या भागाइतकं तापेल. त्यावर चहा तर सोडा, बोटालाही काही कळायचं नाही. जे काम होतं ते पेशींच्या आत, त्यांच्या डीएनएवर. शिवाय हाड कुरतडणाऱ्या पेशी आणि तिथली सूज धरून ठेवणाऱ्या पेशी शांत होतात. गाठ आकसायच्या आतच काही जणांना उतार पडतो, तो बहुतेक त्यामुळे. तुम्ही फळीवर झोपाल, भिंतीतून लाल-हिरव्या रेषा अंगावर येतील, त्या गोंदलेल्या ठिपक्यांशी जुळवून मशीनवरची पोरं बाहेर जातील, आणि दोन-चार मिनिटं घूंऽ असा आवाज. झोंबणार काही नाही. वास नाही, चटका नाही. तुमच्या सुईच्या बरोब्बर उलट, आणि त्यामुळेच तुम्हाला ती पाण्याची वाटेल.

(गंमत सांगू? किरणं नेमकी किती निघतात हे मी मोजते ते पाण्यातच. पाण्याची टाकी मशीनखाली ठेवायची आणि त्यात बोटाएवढं यंत्र बुडवायचं. पंधरा वर्षं पगार पाण्यावरच चाललाय, कंपाउंडरच्या पोरीला शोभेल असा.)

आता एकदा की दहादा. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गुरुजींना दहा वेळा दिली, मग तुम्हाला एकदाच का, गरीब म्हणून की वय झालं म्हणून, हे तुमच्या मनात आहे. ही शंका एकट्या तुमची नाही, डॉक्टरांचीही होती. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून बघितलं. हॉलंडमध्ये ११७१ रुग्णांना, निम्म्यांना एकदाच आठ ग्रे आणि निम्म्यांना सहा खेपांत चोवीस. निकाल १९९९ साली आला. दोन्हीकडे शंभरातल्या ७१ जणांचं दुखणं उतरलं. मग अमेरिकेत ८९८ जण, सगळे प्रोस्टेटचे नाहीतर स्तनाच्या कॅन्सरचे, म्हणजे तुमच्याच पंक्तीतले. एकीकडे एकदा आठ, दुसरीकडे दहा खेपांत तीस. २००५ साली छापलं गेलं. तीन महिन्यांनी दोन्हीकडे सारखेच, तिनातल्या दोघांना आराम, आणि त्रास मात्र एका खेपेवाल्यांना कमी.

फरक एकच निघाला. एकदा घेतलेल्यांना पुढे पुन्हा द्यावी लागण्याचं प्रमाण जास्त. हॉलंडात शंभरात २५, तर सहा खेपांवाल्यांत ७. त्यातही, आधी कमी दिलंय म्हटल्यावर डॉक्टरांचा हात पुन्हा द्यायला लवकर उठतो, हे पुढे त्याच लोकांनी आकडे उकरून दाखवलं. तर पुन्हा लागली तर पुन्हा देता येतात. एकदाच म्हणजे शेवटचं, असं नाही. मणक्यातली नस दाबली गेली असती, हाड मोडायला आलं असतं, ऑपरेशन झालेलं असतं, तर मीच म्हटलं असतं की जास्त खेपा घ्या. तुमच्या फोटोत तसं काही नाही, डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघितलंय. आणि आजऱ्याहून उत्तूर, निपाणी, कागल करत कोल्हापूर, तेही त्या खुब्यावर बसून, दहा वेळा? गुरुजींना दहा का दिल्या, ते मी बघितलेलं नाही. खेपेमागे बिल होतं तिथे खेपा वाढतात, हे मात्र मी बघितलेलं आहे.

तरी तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे, कळतंय मला. एकदा आणि दहादा सारखंच, तर दोन्ही पाणीच कशावरून नसेल?

बाबा, हा प्रश्न मला नोकरी लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत सुचायला हवा होता, तुम्हाला तो पडवीत बसून सुचला. कॅन्सरच्या हाडदुखीवर कामाला येणारा उपाय हाताशी असताना, रुग्णाला फळीवर झोपवून नुसतंच मशीन गुणगुणवत ठेवायचं आणि बघायचं, हे कुणाला करवेल? जगभरच्या डॉक्टरांचा १९६४ पासूनचा हेलसिंकीचा जाहीरनामा आहे, त्याची आजची भाषाही हेच सांगते: सिद्ध उपाय असताना खोटं औषध फक्त अगदी सबळ कारण असेल तर, आणि माणसाचं गंभीर नुकसान होणार नसेल तरच. म्हणून या दुखण्यावरचे मोठे प्रयोग किरण विरुद्ध काहीच नाही, असे झाले नाहीत. कमी विरुद्ध जास्त, असे झाले.

आणि तिथेच तुमचं उत्तर आहे. १९९२ साली इंग्लंडात २७० जणांवर असा प्रयोग झाला. खेप एकच. निम्म्यांना चार ग्रे, निम्म्यांना आठ. तीच फळी, तीच खोली, तेच गुणगुणणं. मनाची समजूतच काम करत असती तर दोघांना सारखाच गुण यायला हवा होता. चार आठवड्यांनी चारवाल्यांत शंभरातले ४४ सुधारले, आठवाल्यांत ६९. तुम्ही मिक्श्चरची एक खाच कमी पाजलीत आणि खोकला कमी थांबला, तर बाटलीत काहीतरी होतं हे कळतंच की.

त्या ४४ मध्ये मन किती आणि किरण किती, ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. कुणालाच नाही. पण वरचे २५ पाण्याचे नव्हेत.

आई, आता तुझ्यासाठी. फोनवर हळूच विचारलंस ना, "त्यांच्याबरोबर माझ्या गुडघ्यांनाही थोडी मारतील काय?" नाही. जर्मनीत झिजलेल्या सांध्यांना थोडी थोडी किरणं द्यायची पद्धत बरीच वर्षं आहे. हॉलंडातल्या डॉक्टरांनी तिथे मात्र खरोखरच पाण्याची सुई लावून बघितली, कारण गुडघ्याच्या बाबतीत थोडं थांबलं तर कुणाचं काही बुडत नाही. ५५ जण घेतले. निम्म्यांना खरी किरणं, निम्म्यांना खोटी, आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नाही. तीन महिन्यांनी खरी घेतलेल्यांत शंभरात ४४ जणांना बरं वाटलं, खोटी घेतलेल्यांत ४३. हाताच्या बोटांवर केलं तर खोटीवालेच थोडे पुढे. तेव्हा तू आपलं ते मांडीचे व्यायाम कर, जे तू करत नाहीस.

पण तो ४३ चा आकडा बघा, बाबा. काहीच न देता. त्यातले काही आपसूक उतरले असणार. दुखणं शिगेला पोचलं की माणूस दवाखान्यात येतो आणि तिथून ते बहुधा खालीच येतं, हे तुम्हीच म्हणायचात. पण काहींचं खरंच मनाने उतरतं. १९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या लोकांना खोटं औषध दिलं, काहींना आराम पडला. मग त्यांना अफूचा असर तोडणारं औषध दिलं, तर तो आरामही गेला. म्हणजे भरवसा बसला की शरीर स्वतःची अफू स्वतः गाळतं. तुमच्या म्हाताऱ्यांचं तेच होत असणार. पाण्यात काही नव्हतं. तुमच्या "दंड मोकळा सोडा मावशी" मध्ये होतं.

मग चुकलं काय? मला तरी वाटतं, भरवसा देण्यात चूक नव्हती. तो रिकाम्या सिरिंजमधून दिला, आणि कंबरेवाल्याच्या बाबतीत तर त्या भरवशाखाली रोग झाकला गेला. सिरिंजेत खरं औषध असेल तर भरवसाही द्यावा, त्यात लबाडी कसली. इटलीत ऑपरेशननंतरच्या रुग्णांवर बघितलंय: वेदनेचं औषध सलाइनमधून गुपचूप सोडलं तर कमी लागू पडतं, "आता औषध देतोय हां" म्हणून समोर उभं राहून दिलं की जास्त. औषध तेच. म्हणून डॉक्टरीणबाई तुम्हाला "आराम पडेल" म्हणतील तेव्हा तोंड वाकडं करू नका. त्यांनी तुम्हाला 'नक्की' म्हटलेलं नाही, तेही लक्षात घ्या. तिनात एकाला उतार पडत नाही. तो एक तुम्ही असू शकता, मग पुढचं बघू, गोळ्या आहेत, दुसरे उपाय आहेत.

आता नीट ऐका, दोघंही. किरणं दिल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत ठणका उलट वाढू शकतो, दहातल्या चौघांपर्यंत. घाबरून रात्री दादाला गाडी काढायला लावू नका, ज्यादाची गोळी लिहून दिलेली असेल ती घ्या आणि मला फोन करा. पण पायातलं बळ गेलं, लघवी अडली, असं काही झालं तर मात्र माझ्या फोनची वाट न बघता निघा. आराम कळायला दोन-तीन आठवडे, कधी चार. तोवर मॉर्फिन बंद नाही. आई, 'अफूची सवय लागेल' म्हणून तू गोळी अर्धी करून देतेस, हे वहिनीने मला सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस. दुखण्यासाठी ठरल्या वेळी घेतलेल्या गोळीने बाबा व्यसनी होणार नाहीत. पोट तेवढं धरेल, म्हणून पोट साफ व्हायची गोळी रोज, न विसरता.

आणि एक वही करा. हॉस्पिटलात विचारतील, शून्य ते दहामध्ये किती दुखतं. बाबा, तुम्ही मागच्या वेळी "बारा आणे" म्हणालात आणि ती नर्स बघतच राहिली. तुम्ही आण्यातच लिहा, रोज रात्री जेवणाआधी, सोळा आण्यांत किती. मी दहात बदलून देईन. पण खरं लिहा. मला बरं वाटावं म्हणून दोन आणे कमी लिहाल, तर ते पाणीच टोचणं झालं.

मी बुधवारी रात्रीच्या एसटीने निघते, गुरुवारी पहाटे पोचेन. सकाळी नऊला निघू, गाडीत खुब्याखाली घ्यायला ती जुनी कापसाची उशी काढून ठेवा, फोमची नको. पायजमा नाडीचा, चेनचा नको. मशीनच्या खोलीत मला तुमच्याबरोबर थांबता येणार नाही, कुणालाच येत नाही. बाहेर टीव्हीच्या पडद्यावर तुम्ही दिसत राहाल, आणि तिथल्या पोरांना मी सांगून ठेवलंय की चालू करायच्या आधी माइकवरून तुम्हाला सांगा.

आई, पहाटे घनसाळाची पेज असू दे. मेतकूट मी इथून आणते.

तुमची
धाकटी