हॅटरसहून आल्या आल्या तुला पत्र

प्रिय मेघे,

तू म्हणालीस ना, बीच म्हणजे शेवटी वाळू आणि पाणीच, त्यासाठी नॉर्थ कॅरोलायनापर्यंत कशाला तडमडायचं, तर आता ऐक. हॅटरस आयलंड म्हणजे नुसती लांबलचक वाळूची पट्टी, एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला पाम्लिको साउंड म्हणजे अवाढव्य उथळ खाडी, आणि काही ठिकाणी तर पट्टी इतकी बारीक होते की गाडीतून दोन्हीकडचं पाणी दिसतं. बहुतेक लोक समुद्राकडे छत्री रोवून बसतात नि खाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत, माझ्या मते अर्धी ट्रिप तिथेच वाया जाते.

आम्ही सकाळी समुद्रावर जायचो. लाट मागे सरली की ओल्या वाळूत नखाएवढे शिंपले उघडे पडतात, जांभळे, पिवळे, गुलाबी, आणि तू नीट बघेपर्यंत उभे होऊन सुळकन आत शिरतात, पुढची लाट यायच्या आत सगळे गायब! पोरं तिथेच उकिडवी बसून, आंघोळीला सुद्धा उठेनात. खड्डे खणले तर निघताना बुजवायचे हं, कासवं रात्री अंडी घालायला येतात ती अडकतात. आणि लाइफगार्ड असेल तिथेच पाण्यात उतर. इथे रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढणारा प्रवाह, जोरदार असतो, ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं.

दुपारी वारा सुटला की खाडी. अगं काय सांगू, रंगीबेरंगी पतंगांनी आकाश भरलेलं आणि खाली माणसं फळीवर सूं सूं पळतायत! काइटबोर्डिंगवाल्यांची ही पंढरीच. मी आपली पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवर, धपकन पडायचे आणि लगेच उभी राहायचे कारण पाणी जेमतेम गुडघाभर. तिथे भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही, वारा जिकडे ढकलेल तिकडे पाणी. पोहता न येणाऱ्या तुझ्यासारखीला ह्याहून चांगली जागा नाही.

दीपगृह पण बघ, काळे-पांढरे पट्टे गोल गोल चढत गेलेले. 1870 सालचं आहे, समुद्र पार पायथ्याशी आला म्हणून 1999 मध्ये अख्खंच्या अख्खं उचलून रुळांवरून साधारण 2,900 फूट आत नेलं, विटांचं एवढं धूड! त्याचं कारण असं की हे बेट एका जागी राहतच नाही. वादळात लाटा समोरची वाळू उचलून पलीकडे खाडीच्या बाजूला टाकतात, त्यामुळे सगळी पट्टीच हळूहळू मुख्य जमिनीकडे सरकते. हायवे 12 वाळूखाली जातो, आणि इथल्या रोडांथे गावात तर समुद्रकाठची घरं अक्षरशः पाण्यात कोसळलीयेत. एवढं माहीत असून लोक तिथेच घर घेतात, धन्य आहेत.

रात्री टॉर्च घेऊन भुरके खेकडे बघायचा कार्यक्रम चुकवू नको, तिरके असे धूम पळतात की तू किंचाळशील. फक्त दोरी लावलेल्या कासवांच्या घरट्यांकडे उजेड मारायचा नाही.

येणार असशील तर जूनच्या सुरुवातीला ये, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांचा जोर असतो. आणि राहायचं घर खाडीच्या बाजूचं बघ, पोरांना दारातून थेट पाण्यात सोडता येतं. रजेचं काय ते कळव लवकर.

तुझीच,
नीलू