बाबा, उशीर तुमच्या बोलण्यात नाही

पुणे,
२० सप्टेंबर, रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारी पहाटे सुखरूप पोचले. पातोळ्या त्याच दिवशी संपवल्या, नेवऱ्या डब्यात आहेत आणि पुरवून पुरवून खाते आहे. बसमध्ये झोप लागली नाही, पण या पत्रात काय लिहायचे ते मनात जुळवता आले. घरात कोंकणी आणि पत्रात मराठी, हे वळण बाबा तुम्हीच लावलेत. शिवाय हे सगळे फोनवर तुटक तुटक सांगितले असते तर तुमच्या हाती काही राहिले नसते. कागद कपाटात ठेवता येतो, पुन्हा काढून वाचता येतो.

चवथीच्या आदल्या रात्री माटोळी बांधून झाली आणि तुम्ही झोपायला गेलात, तेव्हा आई नारळ खवता खवता मला म्हणाली, "बाबा हल्ली तुझ्याशी फोनवर बोलत नाहीत, तुझ्या लक्षात आलेय का? म्हणतात, मी तोंड उघडले की तिच्या बोलण्यात मध्येच येतो. आता मला वेळेवर सुचत नाही." कानाला यंत्र लावावे का, असे तुम्ही दादालाही विचारलेत म्हणे. माझ्या लक्षात आले होते, बाबा. पण मला वाटत होते की तुम्ही दमलेले असता, म्हणून फोन लगेच आईकडे देता. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते. उशीर तुमच्या बोलण्यात नाही. तो इंटरनेटच्या वाटेवर होता, आणि घरी होते त्या दिवसांत मी तो मोजला आहे.

समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. १० वेगवेगळ्या भाषांमधली संभाषणे तपासून अभ्यासकांनी २००९ साली हे दाखवले. भाषा बदलली तरी फरक थोडाच पडतो. आता एवढ्याशा फटीत वाटेवरचा अर्धा सेकंद येऊन बसला तर काय होईल? तुम्ही थांबता, ते मला अर्ध्या सेकंदाने कळते. मी बोलू लागते, ते तुम्हाला आणखी अर्ध्या सेकंदाने ऐकू येते. मधल्या वेळात तुम्हाला वाटते ही गप्पच आहे, म्हणून तुम्ही पुढचे वाक्य सुरू करता, आणि तेवढ्यात माझे येऊन त्यावर आदळते. मग दोघेही थांबतो, दोघेही "बोल, बोल" म्हणतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे की आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा. एक हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. आपल्या घरून रात्री नऊ वाजता मी मोजले तेव्हा नुसता एक इशारा बाहेर जाऊन परत यायला ६०० ते ९०० मिलिसेकंद लागत होते. अशा वाटेवर तरणाताठा माणूससुद्धा अडखळेल. मीही अडखळतच होते, फक्त मी त्याचा दोष स्वतःला दिला नाही.

आणि हा उशीर अंतराचाही नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. गोव्यातल्या आपल्या चोडणहून पुण्यापर्यंतची वाट, मुंबईला वळसा घालून, हजार किलोमीटर धरली तरी ५ मिलिसेकंद होतात. वाटेतल्या यंत्रांचे थोडे मिळवा. बाकीचा सगळा वेळ आपले बोलणे कुठेतरी अडकून पडते, आणि अडकते कुठे ते शोधता येते.

तुम्ही २८ वर्षे रायबंदरची फेरी धरून शाळेत गेलात, म्हणून फेरीवरूनच सांगते. फेरीवर एका वेळी किती गाड्या मावतात, तो झाला स्पीड. तुम्ही या धक्क्यावर आल्यापासून त्या धक्क्यावर उतरेपर्यंत जो वेळ जातो, त्याला लेटन्सी म्हणतात. फेरी तिप्पट मोठी आणली म्हणून दुपारी एकटाच माणूस नदीपार लवकर पोचत नाही. कनेक्शनवाला मुलगा तुम्हाला १०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन सोडून ३०० चा घ्यायला सांगत होता ना? तो घेऊ नका. आपल्या व्हिडिओ कॉलला फार तर २-३ एमबीपीएस लागतात. त्याच्या कितीतरी पट तुमच्याकडे आहे. जास्तीचे पैसे दर महिन्याला जातील आणि आपण "बोल, बोल"च करत राहू.

मी काय केले ते सांगते, म्हणजे पुढे तुम्हालाही करता येईल. तुमच्या फोनवर मी एक ॲप घातले आहे. ते दोन आकडे दाखवते. पहिला, फोनपासून घरातल्या वाय-फायच्या बॉक्सपर्यंत जाऊन यायला लागलेला वेळ. दुसरा, तिथून पुढे बाहेरच्या जगात जाऊन यायला लागलेला. ओसरीवर बॉक्सच्या शेजारी उभी राहिले तेव्हा पहिला आकडा २-३ होता. स्वयंपाकघरात तोच ६० ते २५०, आणि मधूनच उत्तरच नाही. म्हणजे आई चुलीपाशी डब्याला टेकवून फोन ठेवते आणि मी तिथे थिजलेली दिसते, त्यात कंपनीचा काही संबंध नव्हता. बोलणे आपल्या घरातल्या घरातच अडत होते.

आपले घर आजोबांनी चिऱ्याचे बांधले. हात-हातभर जाड भिंती, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसतो. वाय-फायच्या लहरी पाणी शोषून घेते, म्हणून आषाढ-श्रावणात आपल्याकडे जास्त त्रास होतो हा आईचा अंदाज अगदी बरोबर होता. त्यात बॉक्स ओसरीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे. तिथून स्वयंपाकघरापर्यंत तीन भिंती. बॉक्स दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात पार जाते पण तिच्यावर गर्दी फार, कारण शेजारचे बॉक्स, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिच्याच आसपास. ५ गिगाहर्ट्झची मोकळी आणि वेगवान, पण भिंत आली की लवकर थकते. आपल्या पूर्वजांनी मात्र एक सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे घराच्या मधोमध असलेले उघडे राजांगण. उघड्या हवेला भिंत नसते. बॉक्स राजांगणाच्या बाजूच्या खिडकीत, छातीच्या उंचीवर ठेवून पाहिला तेव्हा समोरच्या स्वयंपाकघराच्या दारात ५ गिगाहर्ट्झवरसुद्धा आकडा ८ च्या वर गेला नाही. आता तो तिथेच राहू दे. खिडकीत फुलदाणी ठेवा, पण स्टीलचा हंडा ठेवू नका. देवखोलीसाठी दादा म्हापशाहून दुसरा छोटा बॉक्स आणि निळी लॅन वायर आणणार आहे. ती वायर १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याला २० पुरे. भिंतीतल्या प्लगला लावायचे बिनतारी रिपीटर दुकानदार दाखवील, ते नकोत. ते तेच बोलणे त्याच हवेतून पुन्हा एकदा बोलतात, त्यात वेग जातो आणि वेळ वाढतो.

आणखी एक गोष्ट सापडली. रंगकाम झाले तेव्हा रंगाऱ्याने ती बारीक पांढरी फायबरची तार खिळ्याला दोन वेढे देऊन करकचून बांधली होती. त्याला काय माहीत. साधी विजेची वायर असती तर काही बिघडले नसते, पण हिच्या आत केसाएवढी काच असते, आणि फार वाकवली की वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. बॉक्सपर्यंत किती प्रकाश पोचतो ते फोनवर बॉक्सचे सेटिंगचे पान उघडले की दिसते. तिथे उणे २८ होते. हे आकडे उणे असतात, आणि जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे २७ च्या पलीकडे बॉक्सला नीट वाचता येत नाही. वेढे सोडून तार थाळीएवढ्या मोठ्या वळणात सैल ठेवली आणि आकडा उणे २१ वर आला. पाऊस जोराचा आला की कनेक्शन जाते असे तुम्ही म्हणायचात ते यामुळेही असेल, काठावर असलेल्या गोष्टीला थोडासा धक्का पुरतो. आई, झाडताना ती तार ओढू नकोस. आणि ती कधी सुटून हातात आली तर टोकाकडे डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण डोळ्याला लागतो.

एवढे होऊनही मंगळवारी रात्री नऊला पुन्हा ७०० झाले. मी बॉक्सपाशीच बसले होते. पहिला आकडा ३, दुसरा ७००. सकाळी तर सगळे चांगले होते. मी चिडले, कंपनीला फोन लावायला घेतला, आणि तेवढ्यात आईने जेवण आवरून तिचा जुना फोन चार्जिंगला लावलेला दिसला. वाय-फाय मिळाले आणि चार्जर लागला की तो फोन आपले फोटो-व्हिडिओ इंटरनेटवर चढवू लागतो. नातवंडांच्या नरकासुराचे दोन वर्षांचे व्हिडिओ त्यात आहेत, काही अर्ध्या अर्ध्या तासाचे. रोज रात्री नऊला तो फोन चार्जिंगला लागतो आणि रोज रात्री नऊला मी फोन करते.

पुन्हा धक्क्यावर चला. चिरे भरलेले वीस ट्रक एकामागे एक उभे आहेत आणि तुम्ही हातात डबा घेऊन एकविसावे. फेरी चालू आहे, बिघडलेली नाही, पण तुमची पाळी येत नाही. बॉक्सच्या पोटात अशी रांग साठवायची जागा असते. ती वाजवीपेक्षा मोठी ठेवली की काही हरवत नाही, पण सगळेच उशिरा पोचते. जिम गेटिस नावाच्या अमेरिकी संगणकतज्ज्ञाला २०१० साली हे आपल्याच घरच्या इंटरनेटवर दिसले, आणि त्याने त्याला बफरब्लोट हे नाव दिले. उपायही आपल्या फेरीवर आहे. पायी जाणाऱ्यांना कोणी ट्रकांच्या मागे उभे करत नाही, ते बाजूने चढतात. आपल्या बॉक्समध्ये तशी सोय होती, कोणी चालू केलेली नव्हती. ती मी चालू केली, आणि वर जाणाऱ्या वेगाला पूर्ण क्षमतेच्या थोडी खाली मर्यादा घातली, म्हणजे रांग लागतच नाही. आईच्या फोनची वेळही पहाटेची केली. बुधवारी निघण्याआधी मुद्दाम व्हिडिओ चढवत ठेवून मोजले: २२.

आता बाबा, तुमच्याकडे एक काम. पावसाची नोंद ठेवता त्याच वहीत शेवटच्या पानावर तीन रकाने पाडा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ, आणि दोन्ही आकडे. पंधरा दिवस. पहिला आकडा वाढला तर दोष घरात, दादाला सांगा. पहिला लहान, घरात कोणी काही चढवत-उतरवत नाही, आणि तरी रोज रात्री दुसराच वाढतो, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. मग तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो त्याच वहीत लिहा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. तुमच्या अक्षरातली तारीखवार नोंद पाहिल्यावर "सर, बॉक्स बंद करून चालू करा" एवढ्यावर कोणी तुमची बोळवण करू शकणार नाही. आणि "स्पीड वाढवून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर दोघांनीही तो लगेच ठेवा.

विजा चमकू लागल्या की बॉक्सचा प्लग काढा, तेवढे तर तुम्ही करताच.

गुरुवारी रात्री नऊला फोन करीन. आई, तुला सवयीने फोन हातात घ्यावासा वाटेल, पण त्या दिवशी आधी बाबांना दे. आपला देव देवकी-कृष्ण चोडणहून माशेलला कसा गेला ते गेल्या महिन्यात सांगता सांगता तुम्ही मध्येच थांबला होतात. गोष्ट नदीच्या काठापर्यंत आली होती. तिथून पुढे सांगा.

तुमची,
स्नेहा

ता. क. आई, खतखत्यात घालायची तिरफळे पिशवीत द्यायची राहिली. दादा पुण्याला येईल तेव्हा त्याच्याकडे दे.